दोनशे लिटरची रेघ : लातूरमधील एका वसाहतीच्या पाणी-हिशेबाच्या नोंदी (२०१६)

३ मार्च २०१६

आजपासून ही नोंदवही सुरू करीत आहे. लातूरला पाणी देणारे धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले असून आमच्या वसाहतीतील नळ बंद आहेत. या धरणाची एकूण साठवण क्षमता २२४ दशलक्ष घनमीटर (दलघमी). त्यापैकी सुमारे १७७ दलघमी जिवंत साठा आणि ४७ दलघमी मृतसाठा, म्हणजे तळाशी राहणारे पाणी. जिवंत साठा संपल्यावर शहराने मृतसाठ्यावर दिवस काढले आणि आता तोही उरलेला नाही. सलग दोन पावसाळे हातचे गेल्याने विहिरी आणि बोअर यांचीही तीच गत झाली आहे. डोंगरगाव, भंडारवाडी, माकणी अशा ठिकाणांहून टँकरने आणलेले पाणी वाटले जाते आणि प्रत्येक कुटुंबाच्या वाट्याला साधारण आठ दिवसांतून एकदा दोनशे लिटर येते.

वसाहतीत ५८ घरे आहेत. काल रात्री मारुतीच्या पारावर बैठक झाली, तेव्हा जो तो पाणी कमी येते म्हणून बोलत होता. पण किती येते, किती लागते आणि मधल्या मध्ये किती जाते, हे एकालाही सांगता आले नाही, मलाही नाही. मी स्थापत्य अभियांत्रिकी शिकवतो. वर्गात फळ्यावर दरडोई पाण्याचे गणित दरवर्षी मांडतो आणि माझ्या स्वतःच्या घरात रोज किती पाणी खर्च होते हे मात्र मला ठाऊक नव्हते. या कामाची सुरुवात तेथूनच करायची असे ठरवले आहे.

९ मार्च

चार दिवस घरोघर फिरून हिशेब मांडला. लोक पाणी लिटरमध्ये मोजत नाहीत, घागर, हंडा, कळशी आणि बादली यांत मोजतात; म्हणून प्रथम भांडीच मोजावी लागली. आमच्या घरची तांब्याची घागर १४ लिटरची निघाली, शेजारची प्लॅस्टिकची १५ लिटरची, आणि ज्या बादलीला सगळे वीस लिटरची म्हणतात तिच्यात काठोकाठ भरल्यावर १७ लिटर मावले. यापुढे नोंदी लिटरमध्ये ठेवता याव्यात म्हणून प्रत्येक घराच्या एका भांड्यावर खडूने माप लिहून दिले.

गणित असे होते. आठ दिवसांत दोनशे लिटर म्हणजे कुटुंबाला दिवसाला २५ लिटर आणि घरात पाच माणसे असली तर माणशी ५ लिटर. भुयारी गटार असलेल्या शहरांसाठी पाणीपुरवठ्याचे सरकारी मानक माणशी १३५ लिटर आहे आणि भुयारी गटार नसलेल्या गावांसाठी ७० लिटर. ज्यांच्याकडे पैसे आहेत ते खासगी टँकर घेतात, त्यांचा वापर माणशी ४० ते ५० लिटरपर्यंत जातो. ज्यांच्याकडे पैसे नाहीत ते पाच लिटरमध्येच स्वयंपाक, पिणे आणि तोंड धुणे भागवतात आणि अंघोळीसाठी एखाद्या नातेवाइकाच्या गावी जाऊन येतात. एकाच गल्लीत, समोरासमोरच्या दारांत, हा दहापट फरक आहे. सरासरी काढली असती तर तो दिसला नसता, म्हणून मी घरांच्या नोंदींची सरासरी काढणार नाही. प्रत्येक घराची ओळ वेगळी ठेवणार आहे.

१४ मार्च

आज टँकरच्या दिवशी सुरुवातीपासून शेवटपर्यंत उभा राहून मोजणी केली. सहा हजार लिटरचे दोन टँकर आले, दोन्ही पूर्ण भरलेले होते. झाकण उघडून मी स्वतः पाहिले. बारा हजार लिटरचे दोनशेप्रमाणे साठ वाटे होतात. घरे अठ्ठावन्न. म्हणजे चारशे लिटर उरायला हवे होते.

प्रत्यक्षात ५३ घरांपर्यंत पाणी गेले आणि टँकर रिकामा झाला. शेवटच्या पाच घरांना काहीही मिळाले नाही. ही पाचही घरे ओढ्याच्या बाजूची आहेत आणि गेल्या वेळीही त्यांच्यापैकी तिघांचे पाणी चुकले होते. तेथे राहणाऱ्या अक्का पाइपचे रिकामे तोंड आपल्या टिपाडावर (पाण्याच्या पिंपावर) धरून बराच वेळ उभ्या होत्या. टँकरचालकाला त्या काही बोलल्या नाहीत, मला एवढेच म्हणाल्या, "सर, तुम्ही लिहून घेतलं ना, आमचं आलं नाही म्हणून?" मी लिहून घेतले आहे.

बारा हजारांतून चौदाशे लिटर कुठे गेले, हे पुढील पाळीच्या आत शोधायचे आहे. कोणावर संशय घेण्याआधी मोजमाप तपासायचे, एवढा नियम स्वतःला घालून घेतला आहे, कारण आज बैठकीत चालकाविषयी जे बोलले गेले ते पुराव्याशिवाय होते आणि ते मला पटले नाही.

२१ मार्च

शहरात पाण्याच्या टाक्या आणि टँकर भरण्याची ठिकाणे यांच्या परिसरात कलम १४४ लागू झाले आहे. पाचपेक्षा अधिक माणसांनी तेथे जमायचे नाही. पाण्यावरून हाणामारी होऊ नये म्हणून जमावबंदी लावावी लागावी, असा दिवस या शहरावर येईल असे मला कधी वाटले नव्हते. आमच्या वसाहतीत टँकर आल्यावर रांग लागते, तीही पाचांपेक्षा मोठीच असते. म्हणून आता प्रत्येक घरातून एकच माणूस आणि एका वेळी चारच घरे अशी पाळी लावली आहे.

चौदाशे लिटरचा शोध लागला. चोर टिपाडातच होता. बाजारात दोनशे लिटरचे म्हणून मिळणारे निळे पिंप (आमच्याकडे त्याला टिपाड म्हणतात) काठोकाठ भरले की त्यात सुमारे २२० लिटर पाणी मावते. काल सात पिंपे घागरीने मोजून रिकामी केली, सातही २१८ ते २२२ लिटरची निघाली. प्रत्येकाला वाटते की दोनशेचे पिंप भरले म्हणजे आपला दोनशेचा वाटा मिळाला. त्यात लबाडी कोणाचीच नाही. दुसरी गळती पाइपची. पाइपाच्या टोकाला कॉक नसल्याने एका पिंपातून काढून दुसऱ्यात टाकेपर्यंत पाणी जमिनीवर वाहत राहते. तेथे परात धरून पाहिले, तर एका बदलाला सरासरी सहा लिटर भरले. २२० अधिक ६ म्हणजे २२६, आणि २२६ गुणिले ५३ म्हणजे ११,९७८. टँकर त्रेपन्नाव्या घरालाच का संपतो, याचे उत्तर या गुणाकारात आहे.

चालकाला आज हा कागद दाखवला. त्याने तो दोनदा वाचला आणि घडी करून खिशात ठेवला. गेल्या आठवड्यात त्याला बरेच ऐकून घ्यावे लागले होते.

२४ मार्च

आज धुळवड. पाण्याने कोणी खेळले नाही, कोरडा रंगही मुलांनीच आपणहून नको म्हटले, कारण तो धुवायला पाणी लागते. गेल्या वर्षी खिडक्या रंगवून उरलेला तांबडा तैलरंग डब्यात होता, तो घेऊन आम्ही अकरा जण निघालो. प्रत्येक पिंपात घागरीने मोजून बरोबर दोनशे लिटर ओतायचे, पाण्याच्या पातळीला बाहेरून खूण करायची, पाणी पुढच्या पिंपात उपसायचे आणि खुणेवर दोन बोटे रुंद रेघ मारायची, असे काम सकाळी सात ते दुपारी दोनपर्यंत चालले. तेच दोनशे लिटर ५८ घरांतून फिरले. सांडलेल्याची भर दर वेळी घालावी लागली. असे एकूण एकोणीस लिटर ओतण्या-उपसण्यात गेले. उरलेले पाणी अक्कांच्या घरी ठेवून आलो.

पाइपाच्या टोकाला बसवायचा दीड इंची कॉक हार्डवेअरच्या दुकानातून आणला आहे. एवढ्याशा वस्तूसाठी आपण इतके दिवस का थांबलो, हे मी स्वतःला विचारत आहे.

१ एप्रिल

रेघ आणि कॉक यांसह दुसरी पाळी झाली. ५८ घरांना प्रत्येकी दोनशे लिटर मिळाले, पाइप बदलताना सांडणारे पाणी घरामागे लिटरभरापेक्षा कमी भरले आणि टँकरमध्ये साडेतीनशे लिटरच्या आसपास उरले. नव्या इमारतीच्या कामावर आलेली तीन कुटुंबे पत्र्याच्या शेडमध्ये राहतात. शिधापत्रिका दुसऱ्या जिल्ह्यातील असल्याने त्यांचे नाव कोणत्याही यादीत नाही. उरलेले पाणी त्यांना द्यावे असा ठराव बैठकीत मांडला, तेव्हा विरोध होईल असे वाटले होते. तो झाला नाही. पहिल्या पाळीचा कागद सर्वांनी पाहिला असल्याने, हे पाणी आपल्या पिंपातून नव्हे, मातीतून वाचले आहे, हे प्रत्येकाला माहीत होते.

याच बैठकीत दुसरा विषय निघाला आणि त्यावर मात्र वाद झाला. वर्गणी काढून हजार फुटांचा बोअर घ्यावा, असा प्रस्ताव होता. वसाहतीत अकरा बोअर आहेत. सर्वांत खोल सातशे फुटांचा. त्यातील दोनच आज थोडे पाणी देतात, तेही तासाभराने थांबतात. माझे म्हणणे असे, की आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. त्यात पाणी साठते ते वरच्या मुरमात आणि भेगांमध्ये. खाली जावे तशा भेगा कमी होतात. सातशे फुटांवर जे मिळाले नाही ते हजारावर मिळेल याचा भरवसा नाही आणि मिळाले तरी ते शेकडो पावसाळ्यांत साठलेले पाणी असेल, जे एका उन्हाळ्यात उपसून संपेल. महाराष्ट्राचा २००९ चा भूजल कायदा अधिसूचित क्षेत्रात ६० मीटरपेक्षा खोल बोअरला मनाई करतो, तो याच कारणासाठी. तरीही रात्री झोपेत बोअरच्या गाडीचा आवाज ऐकू येत नाही अशी रात्र गेल्या महिनाभरात गेलेली नाही.

मतदान घेतले. बोअरचा प्रस्ताव सात मतांनी पडला. ज्यांनी बोअरच्या बाजूने मत दिले त्यांच्या घरात लहान मुले आहेत आणि त्यांची घाई मला समजते. म्हणून दुसरे काही तरी लवकर उभे करून दाखवणे ही माझ्यावर आलेली जबाबदारी आहे.

८ एप्रिल

गुढीपाडवा. मांजरा नदीचे पात्र खोल आणि रुंद करण्याच्या लोकवर्गणीच्या कामाला आज साई बंधाऱ्याजवळ सुरुवात झाली. साई ते नागझरी असा १८ किलोमीटरचा टप्पा धरला आहे. शहरातील डॉक्टर, व्यापारी, शिक्षक, सर्वांनी पैसे दिले आहेत, वसाहतीतूनही वर्गणी गेली. पात्रात साचलेला गाळ काढल्याने बंधाऱ्यांत जास्त पाणी मावेल, हे खरे आहे. नदी खोदताना गाळाखालच्या वाळूला आणि मुरमाला किती हात लावायचा हा प्रश्न मात्र जपून हाताळला पाहिजे, कारण वाळूचा थर गेला की पाणी धरून ठेवण्याची नदीची शक्तीही जाते. हे मी तेथील जाणत्या मंडळींना सांगितले आणि त्यांनी ते ऐकून घेतले.

आमचे काम लहान आहे. मारुतीच्या देवळामागे जुना आड आहे, तीन मीटर व्यासाचा, दगडी बांधणीचा. नळ आल्यापासून त्यात निर्माल्य, फुटक्या मूर्ती आणि कचरा टाकला जातो. म्हाताऱ्यांच्या सांगण्यानुसार तो सात परस (एक परस म्हणजे पुरुषभर उंची) खोल आहे. आज दोरी सोडली तर तीन परसांवरच कचऱ्याला टेकली. बोअरसाठी काढायची होती ती वर्गणी या आडासाठी मागितली आहे.

१२ एप्रिल

पहाटे मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला पोहोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी, ३४२ किलोमीटर. कृष्णेचे पाणी मिरजेच्या हैदरखान विहिरीवरून वाघिणींत भरले जाते. या वाघिणी राजस्थानातील कोटा येथे वाफेने धुऊन पाठवल्या आहेत. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी अशी जी वाट कधीकाळी बार्शी लाइटच्या छोट्या गाडीची होती, त्याच वाटेने आता पाणी आले. वसाहतीतील बरेच लोक स्टेशनवर गेले होते. वाघिणीखाली नळी जोडून पहिले पाणी बाहेर आले तेव्हा एका आजोबांनी हात जोडले. मीही जोडले. आपल्या घरचे पाणी तोडून आपल्यासाठी पाठवणाऱ्या माणसांचे ते पाणी होते.

संध्याकाळी हिशेब केला. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ३ लाख ८२ हजारांवर होती. पाच लाख लिटर म्हणजे माणशी सव्वा लिटरच्या आसपास. हा आकडा मी बैठकीत वाचून दाखवला, कारण रेल्वे आली म्हणजे आता नळ सुरू होणार असे मुलांना वाटत होते.

२२ एप्रिल

परवापासून पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली आहे. एका फेरीत पंचवीस लाख लिटर, म्हणजे माणशी साडेसहा लिटर. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी हे पाणी जीव वाचवणारे आहे यात शंका नाही.

अभ्यासासाठी बाहेरगावाहून आलेली आणि वसाहतीत खोल्या घेऊन राहणारी बहुतेक मुले परीक्षा होताच आपापल्या गावी गेली आहेत. घरमालकांचे भाडे बुडाले, पण आज तेच एकमेकांना सांगतात की बरे झाले, लेकरांचे हाल तरी थांबले.

६ मे

आडाचे काम सोळा दिवस चालले. कप्पी लावून पाट्यांनी कचरा वर काढला; कंत्राटदाराने यंत्र लावायचे म्हटले होते, पण दगडी बांधणी हलेल म्हणून नको म्हटले. चौथ्या परसानंतर कचरा संपून काळा गाळ लागला, पाचव्या परसाला गाळात एक तांब्याची कळशी सापडली, दोरीच्या तुकड्यासकट. ती कोणाची हे कळले नाही. ती देवळात ठेवली आहे. म्हाताऱ्यांचे माप बरोबर निघाले: सात परसांवर, साधारण साडेबारा मीटरवर, तळाचा पाषाण लागला आणि त्याच्या ईशान्येकडील फटीतून ओल दिसली. बेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात दगडाला हात लावल्यावर तो गार आणि ओला लागतो, हे पाहण्यासाठी वसाहतीतील जवळजवळ प्रत्येक माणूस दोर धरून वाकून गेला.

रात्रभरात तळाशी चार बोटे पाणी साचले. पिण्यासाठी नाही, पण एवढ्या पाण्यामुळे बैठकीतील वातावरण बदलले.

आता छपरांचे पाणी आडात आणायचे. आडाच्या भोवतालच्या बारा घरांच्या स्लॅबचे मिळून क्षेत्रफळ सुमारे दहा हजार चौरस फूट, म्हणजे ९३० चौरस मीटर भरते. दहा मिलिमीटर पाऊस पडला तर त्यावर ९,३०० लिटर पाणी येते. ओले होणे, उडणे आणि गळणे यांत पाचवा हिस्सा सोडला तरी सुमारे ७,४०० लिटर हाती लागते. तीन मीटर व्यासाच्या आडात एक मीटर उंचीला सात हजार लिटरच्या वर थोडे पाणी बसते. म्हणजे दहा मिलिमीटरच्या एका सरीत आड मीटरभर चढायला हवा. हे गणित मी देवळाच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवले आहे, पावसाळ्यात ते तपासून घेता येईल.

१९ मे

पाण्याच्या गुणवत्तेची नोंद आतापर्यंत राहून गेली होती, ती माझी चूक. टँकरचे पाणी आठ दिवस पिंपात राहते आणि आठव्या दिवशी ते सुरक्षित आहे की नाही हे कोणी पाहत नव्हते. आरोग्यसेविका ताईंकडून ओटी चाचणीची (पाण्यातील क्लोरीन तपासण्याची) पेटी आणली. टँकर आला त्या दिवशी सर्व पिंपांत पिवळा रंग आला, म्हणजे क्लोरीन होते. पाचव्या दिवशी तपासलेल्या वीस पिंपांपैकी चौदांत रंग आलाच नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवा.

हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, म्हणजे दोनशे लिटरच्या पिंपाला एक ग्रॅम. एक ग्रॅम घरी कसे मोजणार? सोनाराच्या काट्यावर मोजून कागदाच्या पुड्या बांधल्या आणि पिंपाबरोबर प्रत्येक घराला एक पुडी, असे सुरू केले. पुडी पेलाभर पाण्यात कालवायची, निवळ वरून ओतायची, चोथा टाकून द्यायचा आणि अर्धा तास थांबून मग पाणी वापरायचे. हे काम आता वसाहतीतील चार मावशी पाहतात आणि माझ्यापेक्षा नेटके पाहतात. पिंपाला झाकण हवे, उन्हात ठेवू नये, पाणी काढायला लांब दांड्याचे भांडे हवे, हे सर्व त्यांनीच घरोघर सांगितले.

२७ जून

मृगाने वाट पाहायला लावली, पण पाऊस आला. आणि पहिल्याच पावसात माझी चूक झाली.

बारा छपरांच्या नळ्या एकत्र आणून विटांचे तुकडे, खडी, वाळू आणि कोळसा यांच्या थरांच्या गाळणीतून आडात सोडल्या आहेत. पहिल्या पावसाचे पाणी छपरावरची धूळ, पक्ष्यांची विष्ठा आणि वाळलेली पाने घेऊन येते, म्हणून ते बाजूला सोडून देण्यासाठी प्रत्येक नळीला तोटी बसवली होती. पाऊस रात्री दोनला आला. तोट्या उघडायचे काम माझ्याकडे होते आणि मी झोपलेला होतो. सकाळी आडात सव्वा मीटर पाणी होते, चहासारखे लाल, वर काड्या तरंगत होत्या. सगळे पाणी पंपाने उपसून झाडांना घालावे लागले आणि गाळणीतील वाळूही बदलावी लागली.

आता तोट्या वर्षभर उघड्याच राहतील आणि पहिली चांगली सर होऊन गेल्यावरच बंद केल्या जातील. म्हणजे कोणाला झोप लागली तरी पाणी फार तर वाया जाईल, घाण होणार नाही. हे मला आधी सुचायला हवे होते.

९ जुलै

दुसरा मोठा पाऊस झाला. गच्चीवर सरळ भिंतीचे पातेले ठेवले होते, त्यात २३ मिलिमीटर पाणी भरले. भिंतीवरच्या गणिताप्रमाणे आडात दोन मीटर तीस सेंटिमीटरच्या जवळपास वाढ व्हायला हवी होती. मोजली तर एक मीटर नव्वद सेंटिमीटर आली, आणि चोवीस तासांनी ती एक मीटर चाळीसवर उतरली. उतरलेले पाणी फटींतून जमिनीत गेले. काही जणांना हे पाणी वाया गेल्यासारखे वाटले. आडाच्या तळातील फट पाणी देते तशीच ती पाणी घेते, हे त्यांना समजावून सांगितले. पण खरे समजले ते चार दिवसांनी, जेव्हा देवळाशेजारचा बंद पडलेला बोअर पुन्हा अर्धा तास चालला. जमीन कोणाच्या सातबाऱ्यावर आहे हे पाणी पाहत नाही. आमच्या आडातले पाणी पलीकडच्या वसाहतीतल्या बोअरलाही लागले असेल, आणि ते लागावे अशीच इच्छा आहे.

१९ ऑगस्ट

मिरजेहून येणारी रेल्वे थांबली. एप्रिलपासून एकूण १११ फेऱ्या झाल्या आणि २५ कोटी ९५ लाख लिटर पाणी आले.

या आकड्याकडे मी बराच वेळ पाहत बसलो. इतकी माणसे राबली, इतक्या वाघिणी धावल्या, आणि आलेले सर्व पाणी एकत्र केले तर ते ०.२६ दलघमी होते. भरलेल्या मांजरा धरणाच्या साडेआठशेव्या भागाहूनही ते थोडे कमीच आहे. उसाला लागवडीपासून तोडीपर्यंत साधारण १,५०० ते २,५०० मिलिमीटर पाणी लागते. मधला २,००० चा आकडा धरला तर एका हेक्टरला दोन कोटी लिटर. चार महिने शहराला तगवणाऱ्या रेल्वेचे सगळे पाणी तेरा हेक्टर, म्हणजे बत्तीस एकर उसाला एका हंगामात लागते.

हे लिहिताना शेतकऱ्याला दोष देण्याचा हेतू नाही. माझे मामा मांजराकाठी ऊस करतात आणि त्यांना मी कारण विचारले आहे. उसाला कारखाना आहे, ठरलेला भाव आहे, गारपिटीत तो तूर-सोयाबीनसारखा एका दुपारी हातचा जात नाही. तुरीला आणि सोयाबीनला हाच भरवसा मिळाल्याशिवाय कोणी ऊस सोडणार नाही. आणि जो ऊस राहील तो ठिबकवर न्यायलाच हवा. धरणातील पाण्यापैकी शहराच्या पिण्याचे किती आणि पुढच्या वर्षासाठी मागे ठेवायचे किती, हे ऑक्टोबरमध्ये धरण भरलेले असताना ठरले पाहिजे. मार्चमध्ये ठरवायला काही शिल्लक राहत नाही.

या महिन्यात पावसाने मोठी उघडीप दिली आहे. आड दीड मीटरवर टिकून आहे.

१० ऑक्टोबर

सप्टेंबरच्या अखेरीस झालेल्या पावसाने मांजरा धरण भरले. आड वरच्या दीड परसापर्यंत चढला आहे; मुलांनी आत वाकू नये म्हणून त्यावर लोखंडी जाळी बसवून घेतली.

नळाला पाणी आले त्या सकाळी मी सगळ्या ५८ घरांत गेलो. इतके महिने कोरडे राहिल्याने तोट्यांचे वायसर सुकून फाटले होते. एकोणतीस घरांत तोटी बंद करूनही थेंब पडत होते. एका तोटीखाली लिटरचे माप ठेवून घड्याळ लावले, ते बारा मिनिटांत भरले; पाणी चालू राहिले तर तासाला पाच लिटर आणि दिवसाला एकशेवीस. उन्हाळ्यात पाच माणसांचे एक घर तेवढ्यात जवळजवळ पाच दिवस काढत होते. दोन दिवसांत एकोणतीसपैकी सव्वीस तोट्यांचे वायसर बदलले, उरलेल्या तीन तोट्या नव्या घ्याव्या लागणार आहेत. ओढ्याकडच्या घरांपाशी रस्त्याखाली एक जोड गळतो आहे, त्याची लेखी तक्रार आज दिली आणि पोच घेतली.

अक्कांनी आपले टिपाड अंगणात उलटे करून ठेवले आहे. उन्हाने रेघेचा रंग उडाला आहे, तेवढी पुन्हा मारून द्या म्हणाल्या. तांबडा रंग संपला, शनिवारी आणायचा आहे.